शिवणकामाच्या पुस्तकातली पेन्सिल

गेल्या मंगळवारी चारच्या सुमारास दुकानात एक ताई आल्या आणि मला चांगलंच जमिनीवर आणून गेल्या. सांगायला लाज वाटते, पण सांगतोच...

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत माझं जुन्या, दुर्मिळ पुस्तकांचं दुकान आहे. नवीन माल आला की रविवारी आमच्या घरी पुस्तकांची आंघोळ असते. बायको सुटलेल्या पानांना खळ लावते, लेक धूळ झटकते आणि मी खोडरबर घेऊन बसतो.

जुन्या मालकांची नावं, कडेच्या खुणा, पोरांनी चित्रांना काढलेल्या मिशा... पेन्सिलीचं दिसेल ते पुसायचं. स्वच्छ प्रतीला गिऱ्हाईक लवकर मिळतं. बायको चिडवते, "एखाद्या दिवशी तुम्ही छापलेलंसुद्धा पुसाल!"

तर या ताई... चाळिशीच्या असतील, खांद्याला डब्याची पिशवी. चितेगावच्या कंपनीतली फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर थेट आल्या होत्या.

"दादा, बिडकीनच्या भंगारवाल्यानं तुमचं दुकान सांगितलं. शिवणकामाचं एक जुनं पुस्तक आलंय का हो? झबल्याची, पोलक्याची चित्रं हायेत त्यात."

आलं होतं. माझ्या मागच्याच फळीवर होतं. शिशाचे खिळे जुळवून केलेली जुनी छपाई, कापडाच्या कटिंगच्या सुरेख आकृत्या... मी तर खुश होतो त्या पुस्तकावर.

पुस्तक त्यांच्या आईचं. आई गावात शिवणकाम करायची. वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं बघून बघून कापड बेतायची. पुढं मोठेपणी साक्षरता वर्गाला गेली. वर्गातली वही भरली, तेव्हा घरात कागद म्हणून हे एकच पुस्तक होतं. मग याच्याच कोऱ्या जागेत लिहायला लागली.

मागच्या वर्षी आई गेली. भावानं नवं घर बांधताना जुनी ट्रंक न विचारताच भंगारात देऊन टाकली.

"मायच्या हातचं दुसरं कायबी नाय, दादा. तेवढंच हाय."

 त्या पुस्तकाचं शेवटचं कोरं पान मला लख्ख आठवत होतं. एकाखाली एक, वेडंवाकडं, कुठं मात्रा विसरलेली... शोभा, शोभा, शोभा. कुण्या शाळकरी पोरीनं गिरवलंय असं समजून मी ते सगळं पान साफ केलं होतं.

"ताई, तुमचं नाव काय?"

"शोभा."

विकलं गेलं, असं सांगून मोकळं व्हावं असं क्षणभर मनात आलं. खोटं कशाला बोलू... आलंच. पण त्यांच्या तोंडाकडं बघून जीभ रेटेना. पुस्तक काढून हातात दिलं आणि खरं ते सांगितलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एकेक पान उलटत राहिल्या. शेवटच्या पानाशी आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"सर म्हणले होते, मावशी, आधी सोताचं नाव शिका. तर माय म्हणली, माझ्या नावाचं काय करायचं, माझ्या लेकीचं शिकवा..."

 

ओढणीनं डोळे पुसून त्यांनी पानावरून हात फिरवला. मध्येच थांबल्या. मग एकच बोट, हळूहळू...

"दादा... लागतंय की बोटाला!"

मी पान दाराच्या उजेडात तिरपं धरलं. पेन्सिलीचा काळा रंग गेला होता, पण कागदावरचे वळ तसेच होते. शोभा. त्याखाली शोभा. नव्यानं लिहायला शिकलेलं माणूस जीव खाऊन पेन्सिल दाबतं, हे इतकी वर्षं पुस्तकं चाळून मला कधी सुचलं नव्हतं. आम्ही दोघांनी ते पान वरपासून खालपर्यंत वाचून काढलं.

मला हुरूप आला. म्हटलं, "ताई, या वळांवरून पेन्सिलीनं हलकंसं गिरवून देतो. होतं तसं दिसेल."

"नको. मग त्यो तुमचा हात हुईल. हे मायचं हाय, असंच ऱ्हाऊ द्या."

पुस्तक ओढणीत गुंडाळून त्या निघाल्या. पायरीवर जाऊन मागं वळल्या आणि चक्क हसल्या.

"मनाला लावून घेऊ नका, दादा. लई दाबून लिहायची आमची माय. तुमच्यानं काय पुसतंय ते!"

घरी बायकोला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले, माझे तर सांगतानाच आले होते. इथून पुढं कुणाच्या हातचं काही पुसायची माझी हिंमत होणार नाही... विकलं नाही गेलं तर नाही गेलं.

शोभाताई, तुमच्या मायला माझा नमस्कार. त्यांनी दाबून लिहिलं, म्हणून मी वाचलो.