घरजावयाचं घड्याळ

छटाकाकूंच्या घरी एक घरजावई होता, आणि तो त्यांच्या लेकीचं लग्न ठरायच्याही आधीपासून होता. रंगाच्या कारखान्यातून हातगाडीवर बसून आला आणि मागच्या खोलीत खिडकीखाली जो ठाण मांडून बसला तो बसलाच. आडव्या कपाटाएवढा जुना कॉम्प्युटर. दिवसभर घुमत राहायचा, खोली तापवायचा, आणि त्याच्या डोक्यावर कुणी पाण्याचा तांब्या ठेवला तर काकू अंगावर धावून यायच्या.

नाव काकांनी ठेवलेलं. काकांनी जन्मभर शहरातली बस चालवली होती आणि माणसाला नाव ठेवायला त्यांना एक थांबा पुरायचा. "बसून खातो, उगाच तापतो, आणि त्याला बोलायचं मात्र कुणी नाही. याला आणखी काय म्हणतात?"

काकूंचं स्वतःचं नाव लोक विसरले होते. कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी उमर घालवली ती छटा जुळवण्यात. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारवाल्याच्या आधी काकू दारात हजर. मॅनेजर म्हणाला, "बाई, हे धूड न्या आणि मला मोकळं करा." त्या धुडात काकूंनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम होता, आणि तसला दुसरीकडे कुठं नव्हता. नव्या रंगाला कुणीही ओळखतं; काकूंचा प्रोग्रॅम ओळखायचा तो जुन्याला. कुणी भिंतीचा पापुद्रा कागदात बांधून आणला की काकू तो छटांच्या जुन्या पुस्तकाशी लावून बघत आणि मूळ छटा हुडकत. मग घरजावयाला सांगत, अमुक छटा, अमुक साली लावली, खिडकी समोर आहे. तो भिंतीचं वय काढी, तेवढ्या वर्षांत ती किती विटली असेल त्याचा हिशोब घाली, आणि पांढऱ्यात कुठला स्टेनर, म्हणजे घट्ट रंगाचा अर्क, किती टाकायचा त्याची चिठ्ठी छापून देई. त्या रंगाचं ठिगळ भिंतीवर मारलं की सापडायचं नाही.

या कामाचे काकू काही घेत नसत. मनात दानत होतीच, पण परवान्याचीही अट होती. घरजावयाला सकाळी उठवून कामाला जुंपणारी जी ऑपरेटिंग सिस्टीम, ती एका कंपनीची. हौशी लोकांना कंपनी ती फुकट वापरू द्यायची. फक्त तिच्यावर कमाई करायची नाही, आणि दर वर्षी आकड्या-अक्षरांची एक नवी किल्ली मागून घ्यायची. काकू अट इतकी पाळत, की कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं एकदा कपाट रंगवून झाल्यावर "काकांचे केस माझ्याकडून" म्हटलं, तर ते त्यांनी होऊ दिलं नाही. ती कमाई झाली असती.

"जगात परवान्यापायी पैसे देऊन केस कापणारा मी एकटाच," काका म्हणत. "तेही हे एवढेसे."

तर त्या वर्षी किल्लीऐवजी कंपनीची सूचना आली. इथून पुढे जुन्या यंत्रांना हौशी परवाना मिळणार नाही. ज्याला हवी त्याला नव्या यंत्रावर चालणारी तयार डिस्क मिळेल, तीही वर्षापुरती, आणि तिच्यात काय घालायचं ते कंपनी ठरवील. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

"सहकार्य कोण करतंय यांना," काकू म्हणाल्या, आणि चहा गार होईपर्यंत ती सूचना पुन्हापुन्हा वाचत राहिल्या. हातातली किल्ली महिनाअखेरीस संपणार होती. मग घरजावई मुका, आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या छटाही.

असली जुनी यंत्रं घरात पाळणाऱ्या हौशी माणसांचं एक मंडळ होतं. शनिवारी दुपारी फोनवर एकमेकांची तोंडं बघत बसायचं. काकू धरून चौघं.

त्यातले मास्तर म्हणजे निवृत्त गणितशिक्षक, पेटलेच होते. "हा विश्वासघात आहे. आधी फुकट म्हणून माणसं जोडायची, सवय लावायची, आणि मग दार लावून घ्यायचं. मी निषेधाचं पत्र लिहिलंय. चांगलं लांबलचक."

"मास्तर, त्यांनी मायना वाचला तरी मिळवलं," पंपवाला म्हणाला. हा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि कुठल्याही अडचणीत त्याला आडवाट आधी दिसायची. "एवढं घाबरायचं काय त्यात? घड्याळ मागं करा. किल्लीला काय कळतंय आज कुठलं साल चाललंय. जुनी एखादी किल्ली घाला, तारीख मागं न्या, चालू. मी तर केव्हाच केलंय."

"म्हणून तुझी मेल सगळ्यांच्या ढिगात पार तळाला जाऊन पडते होय," मास्तर म्हणाले.

"आणि मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम उत्तर देत नाही."

चौथी दातांची डॉक्टरीण. ती सगळ्यांचं होईपर्यंत थांबली. "किडका दात लवंग धरून किती दिवस चालवणार? उपटा आणि मोकळे व्हा. खुली सिस्टीम घ्या. तिचा परवाना एकदा दिला की दिला, देणाऱ्यालासुद्धा परत घेता येत नाही. आतलं सगळं उघडं असतं. कुणाचा टाकाऊ लॅपटॉप असला तरी चालतो."

"आणि काकूंचा प्रोग्रॅम तिकडं नेणार कोण?" पंपवाल्यानं विचारलं.

"मी नेते. मास्तर हात लावतील. फक्त काकूंनी तो उघडून दाखवायला हवा."

सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "बघू."

काकूंचं 'बघू' म्हणजे 'नाही' हे मंडळाला ठाऊक नव्हतं. काकांना होतं. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "दाखवला तर काय झिजेल?"

"माझा आहे तो."

"कंपनी तरी वेगळं काय म्हणते?"

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून झाडांना पाणी घालायला गेले. खरं सांगायचं तर झिजण्याची भीती नव्हतीच. कारखान्यात दहाजण बाईंच्या टेबलाशी उभे असत, आता पापुद्रे घेऊन दाराशी येत. प्रोग्रॅम गावभर झाला तर पापुद्रा घेऊन इथवर येईल कोण? हे त्यांनी काकांना सांगितलं नाही; स्वतःलाही धड सांगितलं नाही.

महिना संपला. घरजावई सकाळी उठला आणि परवाना संपल्याचं सांगून गप्प बसला. काकूंनी मन घट्ट केलं, एक जुनी किल्ली शोधली, घड्याळ सहा वर्षं मागं नेलं. तो सुरळीत घुमायला लागला. काकूंना हायसं वाटलं, आणि पंपवाल्याबद्दल पहिल्यांदाच चांगलं मत झालं.

त्याच आठवड्यात सलूनवाला पापुद्रा घेऊन दारात.

त्याच्या वडलांना चित्रकलेचं वेड होतं. गिऱ्हाइकाला तोंडानं केस समजावता येत नाहीत, म्हणून त्यांनी सलूनच्या निळसर भिंतीवर आठ डोकी काढून ठेवली होती, आठ तऱ्हेच्या केसांची, खाली नंबर. वडील गेले, तऱ्हा गेल्या, तरी लोक अजून खुर्चीत बसून "चार नंबर" म्हणत आणि सलूनवाला आपल्याला वाटेल ते करी.

"पाइप गळायला लागला, काकू. प्लंबरनं तीन आणि चार नंबरच्या मधोमध भिंत फोडली. चार नंबरचा कान थोडक्यात वाचला." तो हसत होता, पण पापुद्र्याची पुडी हातातून सोडत नव्हता. "पेंटर म्हणतो, अख्खी भिंत पुसून नवा रंग मार आणि फोटो चिकटव. मी म्हटलं, थांब, आधी काकूंना विचारतो."

"पुसायची नाही," काकू म्हणाल्या. "आण ती पुडी."

छटा मिळाली, साल सलूनवाल्याला पाठ होतं, चिठ्ठी निघाली. एरवी काकू आधी पुठ्ठ्यावर एक हात मारून वाळू देत. पण सलून बंद ठेवून पोट भरत नाही, त्याला घाई, आणि यांचा घरजावयावर भरवसा. पुट्टी भरून घासलेल्या जागेवर रंग गेला. ओला होता तोवर जुळला. ओला रंग फसवतो. वाळल्यावरच खरं बोलतो.

दुसऱ्या दिवशी काकू बघायला गेल्या तर तीन आणि चार नंबरच्या मध्ये एक टवटवीत निळा चौकोन, मोठ्यांच्या पंगतीत आगाऊ पोरगं बसावं तसा. खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून म्हणालं, "हा साडेतीन नंबर नवा काढलास का? टक्कल दिसतंय."

सलूनवाला हसला. मग वस्तरा पुसत म्हणाला, "राहू द्या काकू. पेंटरला सांगतो. भिंत काय, आज ना उद्या रंगवायचीच होती." त्यानं हे भिंतीकडे न बघता सांगितलं.

काकू घरी आल्या त्या पायातलं न काढता थेट मागच्या खोलीत. स्टेनरचे डबे तपासले, मापं तपासली. सगळं जिथल्या तिथं. काका पलीकडे चष्मा कपाळावर चढवून ती चिठ्ठी न्याहाळत बसले होते. ड्यूटीच्या कागदावरची तारीख आधी बघायची जुनी सवय.

"अगं, ही चिठ्ठी कधीची?"

"परवाची."

"परवाची कशी? या तारखेला तर मी अजून बसवर होतो."

काकूंनी चिठ्ठी ओढून घेतली. भिंतीचं वय काढताना प्रोग्रॅम आजची तारीख कुणाला विचारत नसे, स्वतःच्याच घड्याळातून घेई. तसं लिहिलं होतं काकूंनीच, तरुणपणी, माणूस तारीख चुकतो पण यंत्र चुकत नाही म्हणून. आणि यंत्राला चुकायला लावलं तेही काकूंनीच. घरजावयाच्या लेखी सलूनची भिंत सहा वर्षांनी कोवळी होती.

काकू म्हणाल्या, "यावर उपाय आहे. भिंतीचं सालसुद्धा सहा वर्षं मागं सांगायचं. म्हणजे वय बरोबर येतं."

"येतं की. आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी घड्याळ पुन्हा मागं."

"म्हणजे घड्याळाशी खोटं बोलायचं, ते झाकायला भिंतीशी बोलायचं, आणि कुणाशी कितीनं बोललो ते लक्षात ठेवायचं. तुला विळी कुठं ठेवली ते आठवत नाही." काका चिठ्ठीची घडी घालत म्हणाले, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे कंपनीला शोभतं. तिला कुणी काकू म्हणत नाही."

शनिवारची वाट न बघता काकूंनी डॉक्टरणीला फोन लावला.

"तोंड उघडते," त्या म्हणाल्या. "बघा काय काय किडलंय."

मग मंडळाला काम मिळालं. लेकीचा जुना लॅपटॉप माळ्यावरून खाली आला आणि डॉक्टरणीनं फोनवरून एकेक पायरी सांगत त्याच्यावर खुली सिस्टीम चढवून घेतली. मास्तर प्रोग्रॅमची ओळ न् ओळ मोठ्यानं वाचत. काकूंनी त्यात स्वतःसाठी शेरे मारून ठेवले होते, ते ऐकून सगळ्यांची हसून पुरेवाट. 'इथे हात लावू नये.' 'हे का चालतं ते ठाऊक नाही, पण चालतं.' 'मोठे साहेब रजेवर असताना बदललं.' पंपवाल्यानं तर स्वतःच्या यंत्राचं घड्याळही लाजून सरळ केलं.

एके दिवशी मास्तर घसा साफ करून म्हणाले, "बाई, इथं एक वजाबाकी उलटी पडलीय असं मला वाटतं. तुमचा मळकट पांढरा दर वेळी किंचित पिवळा निघत असणार."

काकूंनी फोन ठेवून दिला. दुपारभर छटांचं पुस्तक उलटत बसल्या. संध्याकाळी काकांना म्हणाल्या, "एवढी वर्षं पिवळा दिला मी लोकांना. कुणी सांगू नये?"

"त्यांना वाटलं, आपली भिंतच तशी."

काकूंना हसू आलं, आणि हसू आलं म्हणजे रुसवा संपला. मास्तरांना फोन करून त्यांनी वजाबाकी सुलट करवून घेतली आणि शेऱ्यात त्यांचं नाव घातलं.

राहिला परवाना. डॉक्टरणीनं विचारलं, "काकू, तुमचा प्रोग्रॅम लोकांना कुठल्या अटीवर द्यायचा?" काकूंनी आधी मनाशी जुळवलेलं असावं, कारण अडखळल्या नाहीत. "घ्या, वापरा, बदला, पुढं द्या. बदललात तर बदल झाकून ठेवू नका. कुणी पोट भरलं त्यावर तरी माझी हरकत नाही. आणि दिलं ते मला परत घेता येऊ नये, असं लिहा. माझा काही भरवसा नाही."

प्रोग्रॅम बाहेर गेला तसं दाराशी येणं थांबलं नाही. उलट वाढलं. चिठ्ठी आता कुणीही छापू शके, पण पापुद्रा कुठल्या छटेचा ते ओळखायला डोळा लागतो, आणि तो खुला करून कुठल्या सिस्टीमवर चढवायचा ते डॉक्टरणीलाही ठाऊक नव्हतं. समुद्राकाठी राहणाऱ्या एका रंगारीणबाईंनी प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि खाऱ्या हवेत रंग कसा लवकर विटतो त्याच्या हिशोबाची त्यात भर घालून तो परत पाठवला. काकूंनी तो वाचला आणि आपल्या खुर्चीत ताठ बसल्या. कारखान्यात असताना हे त्यांना कधी सुचलं नव्हतं.

घरजावयाचं घड्याळ काकूंनी शेवटी आजच्या तारखेवर आणलं. परवाना संपल्याचं तो पुन्हा बोलला. "संपला तर संपला. माझाही संपलाच ना कारखान्यातला," म्हणत त्यांनी बटण बंद केलं, आणि पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवला.

सलूनवाल्याच्या पेंटरला यायला सवड झाली नव्हती हे नशीब. या वेळी लॅपटॉपनं काढलेल्या चिठ्ठीप्रमाणे काकूंनी पुठ्ठ्यावर एक हात मारला, उन्हात वाळवला, तो पुठ्ठा पदराखाली धरून सलूनमध्ये नेला, भिंतीशी लावून पाहिला, आणि मगच डब्यात ब्रश बुडवू दिला. रंग वाळल्यावर सलूनवाला भिंतीपाशी आला. तीन नंबर आणि चार नंबरच्या मध्ये बोटं फिरवून कडा चाचपत राहिला. कड बोटाला लागत होती, डोळ्याला दिसत नव्हती. त्यानं बापाच्या हातच्या चार नंबरचा वाचलेला कानही उगाच एकदा पुसला.

मग वळून म्हणाला, "काकू, आता तरी काकांचे केस माझ्याकडून? की नव्या परवान्यातही बसत नाही?"

"बसतं," काकू म्हणाल्या.

काका खुर्चीत केव्हाच चढून बसले होते. अंगावर कापड घेऊन, आरशात भिंतीकडे बघत त्यांनी हुकूम सोडला, "चार नंबर."

"काका, चार नंबरला आधी केस लागतात."

"फुकट आहे ना? मग आहेत त्याच्यात बसव."