मिशनच्या बाईंचा जोड

कोल्हापुरात येऊन मला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मला जेवढे धक्के बसले, त्यांतले निम्मे एकट्या अण्णांनी दिले आहेत. उरलेले निम्मे कॉलेज, वसतिगृह आणि इंग्रजीचा पेपर यांनी मिळून दिले. अण्णा म्हणजे गुजरी या सराफ बाजारातल्या एका जुन्या पेढीचे थोरले मालक. ते माझ्या नात्यातले नव्हेत. मी चंदगडकडच्या एका खेड्यातली, इतिहास घेऊन बी.ए. करणारी, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. पेढीच्या इतिहासाचे मजकूर लिहायला सुट्टीपुरतं कुणीतरी हवं आहे, असं आमच्या सरांनी वर्गात सांगितलं. कुणीच हात वर केला नाही, तेव्हा मला सरांचंच वाईट वाटलं आणि मी केला. अशी मी अण्णांपर्यंत पोचले.

अण्णा माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी कान बघतात, मग गळा, मग हात, आणि वेळ उरला तर चेहरा. पहिल्या दिवशी मी पेढीच्या पायरीवर चपला काढत होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "चंदगडकडची हायस न्हवं? उजव्या कानातलं फूल आईचं हाय. डावं मागनं करून घेतलंय. पहिलं हरवलं कुठं?" मी जागीच गार पडले. ते फूल भाताच्या लावणीत चिखलात पडलं होतं, आणि ही गोष्ट आमच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. "लावणीत," मी कसंबसं म्हणाले. "मग ते भातानं खाल्लं म्हण की," असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. त्या चहाची चव मला अजून सांगता येणार नाही, कारण मी तो कानांवर हात ठेवून प्यायले.

गिऱ्हाइकांशीही ते असेच वागत. एकदा एक बाई लग्नाच्या मुलीला घेऊन आल्या आणि त्यांनी पेढीतला सगळ्यांत लांब हार पसंत केला. विक्रीवरचा माणूस खुशीत डबी शोधायला वळला, तोच अण्णा कोपऱ्यातून म्हणाले, "बाई, पोरगीची उंची बघा की. ह्यो हार घाटला तर पोरगी दिसायची न्हाय, हारच लगीन करून गेल्यागत वाटंल." मुलगी रडवेली झाली, आई तरातरा पायऱ्या उतरून गेली आणि विक्रीवाल्यानं कपाळाला हात लावला. तासाभरानं त्याच बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुम्हीच काय ते दाखवा." हा मला आधीच्याहून मोठा धक्का होता.

त्यांच्या खिशात कायम एक चिमटा असतो. नात्यातल्या एका लग्नाला त्यांनी मलाही नेलं होतं. तिथं त्यांनी भर पंगतीत समोरच्या बाईंना सांगितलं, "वहिनी, मंगळसूत्र काढा." सगळी पंगत थांबली. त्या बाई पांढऱ्याफटक पडल्या, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांचा हात पोळीसकट हवेतच राहिला. अण्णांना मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. "कडी उघडलीया. आता आमटीत पडंल. काढायचं नसलं तर ऱ्हाऊ दे, मालकास्नी धरायला सांगा." मग यजमानांनी दोन्ही हातांनी मंगळसूत्र धरलं, अण्णांनी चिमट्यानं कडी दाबली आणि "हां, जेवा आता" म्हणून स्वतः भात कालवायला घेतला. मी त्यांच्या शेजारी होते. मी आधी कानातली फुलं चाचपली.

पेढीचा कारभार आता अण्णांचा नातू बघतो. पेढीत सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. अण्णांनी स्वतःकडे फक्त दुरुस्तीचं काम ठेवलं आहे. दरवाजासमोरच्या खुर्चीत ते सकाळी बसतात ते संध्याकाळी पाचला घरी जेवायला उठतात, कारण ते जैन आहेत आणि दिवस मावळल्यावर खात नाहीत. दुरुस्तीच्या मालाबद्दल त्यांचा एक नियम आहे आणि तो ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात. "दुरुस्तीचा माल इकायचा न्हाय, आटवायचा न्हाय, आन् गिऱ्हाइकाला इचारल्याबिगर दुसऱ्यांदा हात लावायचा न्हाय. त्यो आपला न्हवं. आपण नुसतं राखण." मीही तो वहीत लिहून घेतला. मला वाटलं, इतिहासात उपयोगी पडेल.

दादाला पेढीच्या वरच्या मजल्यावर वारसा दालन करायचं होतं. अण्णा बाहुबलीच्या तीर्थावर आठवडाभर राहायला गेले होते, तेव्हा दादानं जुनी तिजोरी रिकामी करायला काढली. तिच्या तळाशी मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेले दोन उंच चांदीचे खांब निघाले. मला ते समईचे वाटले. दादा म्हणाला, "कँडलस्टँड आहेत गं!" मुंबईहून एक जाणकार आले. त्यांनी भिंगातून बुडाशी असलेला चालत्या सिंहाचा शिक्का बघितला आणि सांगितलं, ही इंग्लंडची चांदी आहे, शंभर वर्षांपलीकडची. मग त्यांनी वरचं टोक बघितलं आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मेणबत्ती जिथं बसायची तिथं भोकच नव्हतं. दोन्हींच्या माथ्यावर मिटलेल्या पाकळ्यांचं एकेक कमळ होतं, आणि ते इतकं सफाईनं बसवलेलं की सांधा दिसत नव्हता. "मेणबत्तीच लावता येत नाही असं शमादान मी आयुष्यात पाहिलं नाही," ते म्हणाले. बराच विचार करून त्यांनी निकाल दिला की हा पूर्व आणि पश्चिमेचा संगम आहे, आणि असा जोड जगात दुसरा नसावा.

दादाला रात्रभर झोप आली नसावी. चार दिवसांत ते मिटलेलं कमळ पेढीचं नवं चिन्ह झालं. पिशव्यांवर कमळ, डब्यांवर कमळ, रखवालदाराच्या टोपीवरही कमळ. मला मजकूर सांगितला गेला: 'पेढीच्या संस्थापकांना एका इंग्रज अधिकाऱ्यानं दिलेली भेट.' मी घाबरत विचारलं, "दादा, याला पुरावा?" तो म्हणाला, "एवढी जुनी वस्तू आपल्या तिजोरीत आहे, अजून काय पुरावा पाहिजे? लिही तू." आणि मी लिहिलं. सरांनी तीन वर्षं शिकवलेलं मी एका वाक्यात विसरले, याची मला आजही लाज वाटते.

उद्घाटनाला दोन दिवस उरले असताना अण्णा परत आले. एकदा नजर टाकाल का, म्हणून मी तो मजकूर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, वर जाऊन जोड बघून आले आणि पुन्हा वाचला. मग त्यांनी सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याआधी त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं.

"ह्यो जोड आमचा न्हाय, पोरी," ते म्हणाले. "मिशनच्या शाळंतल्या मोठ्या बाईंचा हाय. दुरुस्तीला टाकल्याला."

तेव्हा अण्णा बावीस वर्षांचे होते आणि गादीवर त्यांचे वडील बसत. बाईंनी जोड आणून दिला, बूड डळमळतंय तेवढं नीट करा म्हणाल्या आणि गेल्या. काम अण्णांकडे आलं. "बूड केलं घट्ट. आन् वर बघतो तर दोन्हीला भोकं! मला वाटलं, वरचं काय तरी मोडून पडलंय आन् बाई सांगायला इसरल्या. म्हटलं, गरीब मास्तरीण हाय, पुरं करून देऊ या. चार दिवस बसून कमळं केली आन् भोकं बुजवली."

"अण्णा! ती भोकं मेणबत्तीसाठी…"

"आता कळतंय की! तवा काय ठावं? आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. लाईट गेली तर मेणबत्ती फरशीवर चिकटवायची. तिला चांदीचा खांब लागतोय हे कुणी सांगितलंतं मला?"

मला हसू यायला हवं होतं. पण मला रखवालदाराच्या टोपीवरचं कमळ आठवलं. अण्णा पुढं सांगत होते. बाई जोड न्यायला आल्याच नाहीत. वर्षभरानं ते एका ख्रिस्ती कारागिराच्या लग्नाला चर्चमध्ये गेले. तिथं तसाच जोड होता आणि भोकांत मेणबत्त्या होत्या. घरी येऊन ते भोकं उघडायला बसले, तेव्हा वडिलांनी हात धरला. म्हणाले, बाई येऊ देत, त्यांच्यासमोर चूक कबूल कर, त्या म्हणतील तसं कर, तोवर हात लावायचा नाही. "दोनदा शाळंच्या दारापतूर गेलतो. आत जायचं धाडस झालं न्हाय. तिसऱ्यांदा गेलो तवर बाई बदलून गेलत्या. म्हटलं, येतील. तवापासनं हितं दाराकडं तोंड करून बसतोय."

दादाला हे सांगितलं तेव्हा तो धपकन खुर्चीत बसला. "अण्णा, सगळ्या पिशव्या छापून झाल्यात! आणि पन्नास वर्षांत कुणी आलं का?"

"न्हाय आलं. म्हणून परक्याचा माल काचंत लावून आपला म्हणायचा?"

"मग करायचं काय?"

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला इचार. ही शिकल्याली हाय."

आमच्या घरात मला भाजी कसली करायची हेही कुणी विचारत नाही. मी इतकी गडबडले की मनात होतं तेच तोंडातून गेलं. "बाईंना शोधू या."

शाळेतलं जुनं रजिस्टर आणि चर्चमधली एक म्हातारी बाई, एवढ्यावर ते काम एका दिवसात झालं. बाईंची मिरजेला बदली झाली होती आणि तिथं दोनच वर्षांत त्या वारल्या होत्या. मागं कुणी नव्हतं. कोल्हापुरात असताना दर रविवारी त्या याच चर्चमध्ये यायच्या. तिथले फादर म्हणाले, जोड आम्हाला द्या, आणि भोकं खुशाल उघडा.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी अण्णांनी चष्मा लावला आणि फुंकणी हातात घेतली. सांध्यावर धरलेली ज्योत त्यांनी जराही हलू दिली नाही. दोन कमळं सुटून थाळीत पडली, रुपयाएवढी. दादानं वाकून ती बघितली. मग म्हणाला, "अण्णा, हे तरी आपलं आहे ना?"

"चूक आपलीच की," अण्णा म्हणाले.

काचेत मग ती दोन कमळंच लागली. मी नवा मजकूर लिहिला: 'चुकीची दुरुस्ती. कारागीर: अण्णा.' दादानं तो वाचला आणि स्वतःच चिकटवला. पाहुण्यांपैकी निम्म्यांना वाटलं, छपाईत काहीतरी घोटाळा झालाय. उरलेले अण्णांना भेटायला रांगेत उभे राहिले.

दुपारी अण्णा आणि मी जोड घेऊन चर्चमध्ये गेलो. फादर तरुण होते, माझ्याहून थोडेच मोठे. त्यांनी दोन मेणबत्त्या आणून उभ्या केल्या. त्या नीट बसल्या. फादरनी त्या पेटवल्या. अण्णा हात जोडून उभे होते. मग त्यांनी विचारलं, "बाई लई रागीट हुत्या काय हो?"

फादर गोंधळले. "मी त्यांना पाहिलेलं नाही, अण्णा. माझ्या जन्माआधीच्या त्या."

परतताना आम्ही रिक्षा केली. दसरा चौकात ती थांबली तेव्हा अण्णा बाहेर बघत म्हणाले, "एवढी वर्सं बोलणी खायची तयारी करून बसलोतो गं. रागवायला कोणच ऱ्हायलं न्हाय." थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तरी रागाव की."

मी थोरल्या माणसावर कधी आवाज चढवलेला नाही. पण ते वाट बघत होते. मी घसा साफ केला. "अण्णा, असं कसं हो केलंत तुम्ही?"

"आसं न्हाय. जोरात. बाई मास्तरीण हुत्या."

मी पुन्हा म्हणाले. रिक्षावाल्यानं आरशातून मागं बघितलं. आवाज काही मला वाढवता आला नाही. अण्णा मात्र हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून, वर्गात उभं केलेल्या पोरासारखे ऐकत होते.