न प्यालेल्या दारूचा आळ

पडद्यांच्या कारखान्यात तिला सगळे तोफ म्हणत, तेही तोंडावर. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असे हे खरं, पण तो उगाच आलेला नव्हता. बाप दारूपायी गेला, आईनं त्याच धसक्यानं अंथरूण धरलं ते धरलंच, आणि धाकट्या भावाला वाढवायला ही शाळा सोडून शिलाई मशीनवर बसली.

भाऊ अगदी उलटा. अंगानं दांडगा, बोलायला लोणी. लोकांचं घरसामान हलवायच्या कामावर होता. दारूच्या नुसत्या वासानं त्याला मळमळायचं. सोबतचे हमाल त्याला संत म्हणून चिडवत आणि तो हसून सोडून देई.

एका सकाळी ट्रकमधून लोखंडी कपाट उतरवताना दोर सुटला आणि कपाट त्याच्या मांडीवर आलं. मांडीचं हाड मधोमध मोडलं. दवाखान्यात पायाला वजन लावून ठेवलं, ऑपरेशन दोन दिवसांनी ठरलं. त्या संध्याकाळी तो चांगला शुद्धीत होता. कळा सोसत म्हणाला, "ताई, कपाटाला शिव्या देऊ नकोस. त्याचा काही दोष नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन आली, तर त्याचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले. छाती भात्यासारखी चालली होती, नजर भिरभिरत होती, आणि ट्रक मागे घ्या, मागे घ्या, असं तो छताला सांगत होता. तिला त्यानं ओळखलं नाही. ओल्या फडक्यानं तिनं त्याचा घाम पुसला, तेव्हा गळ्याखाली बारीक तांबडे ठिपके दिसले. घामोळं असेल म्हणून तिनं सदऱ्याची बटणं लावून टाकली.

हाडांच्या विभागातला तरुण डॉक्टर पलीकडच्या पलंगापाशी कुणाचा तरी एक्स-रे उजेडात धरून बघत होता. तिनं विचारलं, तसं मान न वळवता म्हणाला, "दारूची सवय अचानक तुटली की असंच होतं. औषध दिलंय. शांत होईल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो पितो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"हमाली करतो ना?"

मग तोफ सुटली ती सुटलीच. सगळा वॉर्ड उठून बसला. नर्सनं तिला आवाज खाली करायला सांगितलं, पहारेकरी दारात येऊन उभा राहिला. तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला आणि भावाचे हात सोडल्याशिवाय मी इथून हलणार नाही, असं बजावलं.

या गोंधळातच भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. ऑपरेशनआधी पेशंट भूल सोसेल की नाही ते तपासायला त्या येत. भांडणाकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याचा आकडा बघितला. आकडा फार कमी होता. तो हात हलवतो म्हणून यंत्र चुकीचं दाखवतंय, असं नर्स म्हणाली. बाईंनी बोट स्वतः घट्ट धरलं. आकडा तिथेच राहिला. त्यांनी लगेच ऑक्सिजनचा मास्क लावला आणि त्या बहिणीकडे वळल्या.

"हा दारू पितो?"

आदल्या दिवसापासून हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. "थेंबही नाही," ती म्हणाली.

बाईंनी सदरा उघडला. ठिपके आता काखेपर्यंत पसरले होते. डोळ्याची खालची पापणी ओढली, तर आतही तसेच. त्यांनी तरुण डॉक्टरला जवळ बोलावलं आणि त्याला नि बहिणीलाही ऐकू जाईल असं सांगितलं. मोठं हाड मोडलं की कधीकधी त्याच्या आतली चरबी रक्तात उतरते, तिचे कण फुप्फुसात अडकतात, मेंदूपर्यंत जातात. खात्रीनं सांगेल अशी एकच एक तपासणी यासाठी नाही. मोडलेलं हाड, धाप, भ्रम आणि हे ठिपके एकत्र बघावे लागतात. डोक्यात रक्तस्राव नाही ना, तेवढं स्कॅन करून बघायचं. चरबी विरघळवणारं औषध नाही, शरीर सावरेपर्यंत श्वास आपण सांभाळायचा.

हात तिथल्या तिथे सोडले गेले. स्कॅन स्वच्छ निघाला, पण संध्याकाळपर्यंत त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं. ती अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून राहिली. आता रागाचा रोख स्वतःकडेही होता. ठिपके तिनं बघितले होते आणि बटणं लावली होती.

तिसऱ्या दिवशी तरुण डॉक्टर बाकापाशी आला. "मी आधी विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

"आमच्या बापानं पिऊन पिऊन घर धुळीला मिळवलं, त्याचे हात कुणी कधी बांधले नाहीत," ती म्हणाली. "न पिणाऱ्याचे तुम्ही बांधलेत."

असू दे, असं काही ती म्हणाली नाही.

भाऊ वाचला. हळूहळू यंत्र निघालं, मग हाडात सळई बसली. त्या दिवसांतलं त्याला काहीच आठवत नव्हतं, आणि बोलताना अधूनमधून एखादा शब्द हरवायचा. घरी जायच्या दिवशी जिन्यापाशी तोच तरुण डॉक्टर भेटला. भावानं कुबड्या काखेत दाबून हात जोडले. "साहेब, तुमचे फार उपकार झाले."

तिनं पिशवी खांद्यावर टाकली आणि तरातरा फाटकापर्यंत निघून गेली. मागे वळून बघितलं, तर तो अजून पहिल्याच पायरीवर, कुबडी कुठे टेकवावी याचा अंदाज घेत होता. ती तणतणत परत गेली आणि तिनं त्याचा दंड धरला.

"उपकार म्हणे," ती म्हणाली. "पाय बघून टाक."