मान्यता नसलेलं दार

आमच्या घरात कुठलीही गोष्ट समजावून सांगायचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही, मीच त्यावर बसलो आहे. धुळ्यात माझं शेतीपंप दुरुस्तीचं दुकान आहे. पंप एकदा खोलून ठेवला की गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नाही, आणि त्यातून ही बोलायची सवय लागली. बायको म्हणते, "तुमचं सुरू झालं की ताटातल्या भाकरीचा पापड होतो." तिचं खरं आहे. पण भाकरी वाळली म्हणून गोष्ट अर्धी सोडणारा माणूस मी नव्हे.

तर आमच्या वरच्या खोलीतल्या पोराला, सरकारला मान्यता मिळणं म्हणजे काय, ते समजावून सांगितलं ते मीच.

पोरगा अफगाणिस्तानातून शेतीचं शिक्षण घ्यायला धुळ्यात आला होता. गल्लीनं त्याला पहिल्याच दिवशी 'काबुली' करून टाकलं. तो सांगून थकला, की काबूल आमच्या गावापासून लांब आहे, इथून मुंबई असावी तितकं. समोरच्या ओट्यावर पेपर वाचत बसणारे नाना, म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त तलाठी, सगळं ऐकून म्हणाले, "बरं. पण काबुलीच म्हणतो, तोंडाला सोपं पडतं."

त्याला मराठी शिकवली माझ्या आत्यानं. ती लवकर विधवा झाली, तेव्हापासून आमच्याकडेच आहे. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. तिला अहिराणीशिवाय काही येत नाही, त्यामुळे पोरानंही मराठी म्हणून अहिराणीच उचलली. कॉलेजात तो सरांना म्हणाला, "सर, बठ्ठं समजनं," म्हणजे सगळं समजलं, आणि वर्ग हसून लोळला. घरी येऊन त्यानं अक्काला जाब विचारला. अक्का म्हणाली, "हासनात ना? मंग समजनं त्यासले."

एके दिवशी त्याच्याकडचं सरकार गेलं. आमच्या पुढच्या खोलीत टीव्ही लागला होता आणि तो उभ्यानंच बघत होता. 'बस' म्हटलं तरी बसेना. विमानतळावर माणसांचा लोंढा होता. चप्पल घालता घालता नाना आत आले. "तिकडे सरकार पडलं म्हणे?"

"पडलं नाही, नाना," तो म्हणाला. "पळालं."

घरची माणसं सुखरूप असल्याचा फोन आला आणि आम्ही निःश्वास सोडला. संपलं एकदाचं, असं आम्हाला वाटलं. खरं तर त्याचं तिथून सुरू झालं. पासपोर्टावर नाव आणि शिक्का जुन्या राज्याचा. पासपोर्टाची मुदत शिक्षण संपायच्या आधीच संपणार होती. पुढे वाढवून कोण देणार? दिल्लीत त्यांच्या वकिलातीत माणसं जुन्या सरकारनं नेमलेली. नवं सरकार त्यांना आपलं म्हणेना, आणि नव्या सरकारला जग मान्यता देईना, आपलं सरकारही देईना.

"मान्यता म्हणजे नक्की काय, भाऊ?" त्यानं मला विचारलं. आता मला असं विचारायचं म्हणजे बैलाला पेंड दाखवायची.

मी पाचोऱ्याच्या भाऊबंदांची गोष्ट लावली. तिथं धाकट्यानं थोरल्याला बाहेर काढून घराचा ताबा घेतला होता. घरात राहतो धाकटा, वीज जाळतो धाकटा, दारातलं कुत्रंसुद्धा धाकट्याच्याच ओळखीचं. पण भाऊबंदांच्या लग्नपत्रिकांवर नाव छापलं जायचं ते थोरल्याचं. कुणाचं काम अडलं की जायचे मात्र धाकट्याकडेच, मागच्या दारानं. "याला म्हणतात मान्यता नाही, पण उठबस आहे," मी म्हणालो. "दोनचार लग्नं अशी गेली, मग गुपचूप धाकट्याचं नाव छापायला लागले. तुमचंही तसंच होईल. शेवटी देशांनाही कामं असतातच."

त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या दोनचार लग्नांत थोरल्याच्या मुलांचं काय झालं?"

हा प्रश्न पाचोऱ्यातही कुणी विचारला नव्हता. "त्यांचं काय," मी म्हणालो, "ती मामाकडे राहिली."

त्यानं मान हलवली आणि वर निघून गेला.

त्याची आई आजारी होती. आजार काय, ते त्यालाही धड कळत नव्हतं. तिकडचे डॉक्टर पांगले होते आणि फोनवर भावजय जेवढं सांगेल तेवढंच कळायचं. त्याला एकच हवं होतं, आईला एकदा डोळ्यांनी बघून परत यायचं. यातले 'परत यायचं' हे शब्द अवघड होते. पासपोर्टाची मुदत संपत आलेली. तसंच गेलं तर परतीचा व्हिसा मिळेल याची खात्री नाही, म्हणजे शिक्षण गेलं. आणि ज्या शिक्षणासाठी आईनं अंगावरच्या बांगड्या मोडल्या, ते टाकून तिच्यापुढे उभं राहायचं कसं?

तोवर भेट व्हायची ती फोनवर. संध्याकाळी व्हिडिओ लावून तो अंगणात बसायचा, आणि अक्का त्यात तोंड घालायची. दोघी बाया डोक्यावरून पदर ओढून एकमेकींसमोर अशा बसायच्या, जणू मुलगी पाहायला आल्यात. एकीची भाषा दुसरीला अजिबात कळत नव्हती. अक्का ताटातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी फोनपुढे धरायची, भरताचं वांगं निखाऱ्यावर कसं फिरवायचं ते दाखवायची. तिकडून ती माउली तंदूरची लांबडी रोटी आणि मूठभर वाळलेली तुतीची फळं दाखवायची. मग ती हाताचा पंजा उलटासुलटा करून काही विचारायची. 'कधी?' असंच असणार ते. अक्का म्हणायची, "येई, येई." पोरगा आपल्या भाषेत आईला बराच वेळ काही सांगायचा. ते आम्हाला कळायचं नाही.

मी बायकोला म्हणालो, "बघ, दोन देशांची वकिलात आपल्या अंगणात चाललीये."

"हो, आणि शिपाई तुम्ही," ती म्हणाली. "चहा टाका."

मग दिल्लीची वकिलात बंद पडल्याचं पेपरात आलं. नानांनी ती बातमी ओट्यावरून मोठ्यानं वाचली. माझा विश्वास बसेना. मोठं कार्यालय आहे, एखादा माणूस तरी आत असेलच. आपण जाऊन उभं राहिलो, मान दिला, तर माणूस विरघळतो. माझं आजवरचं सगळं राजकारण एवढ्यावरच चाललंय. आमच्याकडे लग्नात रुसलेला व्याही असो नाहीतर वीज कंपनीचा साहेब, टॉवेल-टोपी-नारळ दिल्याशिवाय कुणी वळत नाही. दिल्लीला निघताना मी पिशवीत नवा टॉवेल, पांढरी टोपी आणि सोललेला नारळ घातला. बायकोनं कपाळाला हात लावला. अक्का मात्र म्हणाली, नारळ दोन घे, साहेब दोन असले तर?

पोराला घेऊन जळगावहून गाडी पकडली. ऐन थंडी होती. तिथं पोचलो तर मोठं फाटक, आणि कानटोपी घातलेला एक पहारेकरी.

"अंदर कोई नहीं है," तो म्हणाला.

मी म्हटलं, "कोई तो होगा. इतना बडा घर है."

त्यानं वर बोट केलं. "झंडा है."

खरंच होता. जुन्या राज्याचा. वारा नव्हता, म्हणून तो काठीला चिकटून लोंबत होता. पोरगा त्याच्याकडे बघत राहिला. मी मात्र हातातली पिशवी घेऊन उभा, लग्न मोडलेल्या मांडवात आहेर घेऊन आल्यासारखा. पहारेकऱ्यानं विचारलं, पिशवीत काय आहे? तपासणी म्हणून दाखवावंच लागलं. टॉवेल, टोपी, दोन नारळ. "ये किसके लिए?"

"जो अंदर होगा उसके लिए," मी म्हणालो.

तेव्हा पोरगा हसायला लागला. इतका हसला, की फूटपाथवर उकिडवा बसला. त्याचं हसू ओसरलं तसा मीच उत्साहानं म्हणालो, "चल, मग तुलाच देतो मान. तुझ्या देशातर्फे तूच आहेस इथे."

"भाऊ," डोळे पुसत तो म्हणाला, "कोणत्या सरकारतर्फे घेऊ?"

मी पिशवी बंद केली. येताना गाडीत टॉवेल त्यानं अंगावर घेतला, थंडी होती म्हणून. एक नारळ शेजारच्या बाईंना दिला, दुसरा आम्ही खाल्ला. मग मुंबईतल्या त्यांच्या कचेरीत विचारून झालं, इकडे पोलिसांच्या कचेरीत विचारून झालं. सगळे गोड बोलायचे. पण कोणत्या शिक्क्यावर प्रवास होईल आणि परत येता येईल, हे कुणीच छातीठोक सांगेना. नाना रोज पेपरातली बातमी वाचायचे: अमुक देशाची नव्या सरकारशी बोलणी, तमुक देशाची चर्चा. मीही दिल्लीचा धक्का विसरून पुन्हा म्हणायला लागलो, "बघ, मागच्या दारानं उठबस सुरू झाली. आता फार दिवस नाही."

त्या उठबशीत त्याची आई गेली.

सकाळी तो जिन्यावरून खाली आला. मी दाढी करत होतो, बायको पाणी भरत होती. तो आमच्याकडे न बघता सरळ अक्काजवळ गेला आणि म्हणाला, "अक्का, माय गयी."

अक्कानं हातातलं सूप खाली ठेवलं. तांदूळ सांडले, तिला कळलं नाही. थोडा वेळ ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. मग उठली, आतून सतरंजी आणली आणि पुढच्या ओट्यावर अंथरायला लागली.

मला कळलं ती काय करतेय. आमच्याकडे माणूस गेलं की नात्यागोत्यातले, गल्लीतले लोक त्या घरी येऊन बसतात. त्याला 'दारावर जाणं' म्हणतात. येणाऱ्याला 'या' म्हणायचं नसतं, जाणारा 'येतो' म्हणत नाही. दुसऱ्यानं आणून दिलेला पहिला घास, तो 'कडू घास', खाल्ल्याशिवाय त्या घरची चूल पेटत नाही. पण दारावर जातात ते सोयऱ्याच्या. आणि हे दार तर आमचं.

मी हळू आवाजात म्हणालो, "अक्का, त्याचा धर्म वेगळा, रीत वेगळी. आणि लोक कुठल्या नात्यानं येतील? कुणी आलं नाही, तर पोराला आणखी वाईट वाटेल." समजावून सांगायचं खातं माझ्याकडेच होतं ना.

अक्कानं सतरंजीची घडी झटकली. "ती मन्ही बहीण व्हती," ती म्हणाली. "तठे जाता येत नई ना? मंग आठेच बठूत."

ती भिंतीला टेकून बसली आणि पोराला शेजारी बसवलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि तीही जाऊन बसली. अर्धी दाढी राहिलेला मी तोंड धुऊन ओट्याच्या कडेला टेकलो. गल्ली रोजच्यासारखी चालू होती. दूधवाला गेला, रिक्षा गेली. मला वाटलं, आता लोक बघतील आणि पुढे जातील.

सर्वात आधी आल्या मागच्या घरातल्या मारवाडी काकू. कापडाचं दुकान त्यांचं. एरवी आमच्या ओट्याला पाय लावत नाहीत. पदराआड झाकलेला डबा होता. त्यांनी तो बायकोच्या हातात दिला आणि एवढंच विचारलं, "ह्याच्या जिवाला चालेल ना, खिचडी आहे." मग तीनचार बाया आल्या. अक्काच्या गळ्यात पडून त्या रडल्या, जिला कधी पाहिलं नाही अशा बाईसाठी. आम्हा पुरुषांना रडता येत नाही, म्हणून आम्ही ओट्यावर नुसते दाटीवाटीनं बसलो. पोरानं डब्यातले दोन घास खाल्ले. प्रत्येक घास त्याला पाण्याबरोबर ढकलावा लागला.

शेवटी नाना आले. त्यांनी चप्पल काढली, गुडघ्यावर हात ठेवून बसले आणि दारावर विचारतात तेच प्रश्न विचारले. वय काय होतं? किती दिवस आजारी होत्या? माती झाली का? पोरगा एकेक उत्तर देत होता. माती झाली. भावानं दिली. फोनवर दाखवत होता, पण मध्येच फोन बंद पडला.

"आणि तू गेला नाहीस," नाना म्हणाले. विचारायचं म्हणून नव्हे, सवयीनं. आमच्याकडे दारावर हा प्रश्न असतोच. शेवटच्या वेळी जवळ कोण होतं?

"जाता आलं नाही, नाना."

कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, म्हणून मी तोंड उघडलं. "त्याचं असं आहे, तिकडचं सरकार, म्हणजे आपलं सरकार अजून..." पुढचं मला माहीत होतं. पाचोऱ्यापासून दिल्लीपर्यंत सगळं पाठ होतं. पण ते तिथे कुणापुढे ठेवायचं ते कळेना.

"पण आईला ठाऊक होतं ना," नाना म्हणाले, "की कागदामुळे अडलास?"

पोरानं मान खाली घातली. सतरंजीचा एक सुटलेला दोरा तो बोटाला गुंडाळत होता. "नाही," तो म्हणाला. "सरकार, मान्यता, तिला कळलं नसतं. आणि शेजारी ऐकत असायचे, घाबरली असती. मी तिला सांगायचो, परीक्षा आहे. परीक्षा झाली की येतो. रोज तेच सांगायचो." मग म्हणाला, "ती वहिनीला म्हणायची म्हणे, किती परीक्षा घेतात त्या देशात."

अक्काला सगळं कळलं की नाही, मला माहीत नाही. 'परीक्षा' हा शब्द तेवढा कळला असावा. तिनं त्याच्याकडे वळून बघितलं आणि पदर तोंडावर घेतला.

मग रीतीप्रमाणे एकेक जण उठायला लागला. 'येतो' न म्हणता चपला घालून माणसं निघाली. नाना उठले तसा पोरगाही चटकन उठायला गेला. त्याच्याकडे वडीलधारा निघाला की दारापर्यंत पोचवतात. अक्कानं त्याची बाही धरली आणि त्याला खाली ओढलं.

"बठ," ती म्हणाली. "आज तू उठू नको."