तुळशीखालची तार

इंग्रजी अक्षरं मी डोळ्यांनी नाही, कानांनी शिकले. ए कसा लिहितात ते मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. पण एक आखूड शीळ आणि तिच्यामागं एक लांब शीळ आली की तो ए, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. शिकवलं आमच्या ह्यांनी. लढाईत ते तारायंत्राच्या पलटणीत होते. लढाई संपली आणि परतूर स्टेशनावर ते उतरले ते एक जड ट्रंक घेऊन. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटलं पोरानं लुगडी आणली. उघडून बघतात तर काचेचे व्हॉल्व्ह, तारेची भेंडोळी आणि कानाला लावायचे दोन डबे.

“त्याच्यापरीस शेण आणलं असतं तं भितीला तरी लिंपलं असतं,” असं म्हणून आत्याबाई चुलीकडं निघून गेल्या.

शेत सासरे बघायचे. त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. हे कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर होते. सांजेला घरी आले की माजघरात पाट टाकून बसायचे आणि मला हाक मारायचे, “जरा पक्कड धर.” त्या काळी सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशेजारी बसायची काही रीत नव्हती. पण हातात पक्कड असली की कुणी बोलत नसे. मी मग कामाला जास्तच वेळ लावायची.

दोन यंत्रं आम्ही बांधली. ऐकायचीही तीच आणि पाठवायचीही तीच. विकत आणायला पैसा कुठला? गुंडाळी केली ती कासाराकडून मागून आणलेल्या, बांगड्या ठेवायच्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर. ठोके द्यायचा खटका करवतीच्या तुटक्या पात्याचा. टॉर्चच्या सेलांची माळ एकीकडं, मोटारीची जुनी बॅटरी दुसरीकडं. बॅटरी हे जिनिंगमध्ये गुपचूप भरून आणायचे. तारांचे सांधे जोडायला कथलाचा डाग द्यायचा, त्यासाठी लोखंड शेगडीत तापवायचं आणि राळेचा धूर डोळ्यांत घ्यायचा. माझा डाग त्यांच्यापेक्षा साफ बसायचा. हे ते कबूल करायचे नाहीत, पण अवघड जागेचा डाग आला की लोखंड माझ्याकडं सरकवायचे.

बिघाड शोधायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी नाक, मग बोट, मग कान. जळका वास येतो का बघायचं, एकेक सांधा हलवून बघायचा, आणि सगळं नीट असेल तर गप बसून ऐकायचं. कच्चा डाग वरून मातकट दिसतो, चकाकत नाही. मी पहिल्या यंत्रात असले कच्चे डाग इतके शोधले की शेवटी ते चिडून म्हणाले, “तू मास्तरीण का मी?”

निजामाच्या राज्यात असं यंत्र परवान्याशिवाय घरात ठेवणं म्हणजे सरळ तुरुंग. म्हणून आभाळाकडची तार आम्ही धुणं वाळत घालायची तार म्हणून माळवदापासून लिंबापर्यंत बांधली. तिच्यावर रोज लुगडं वाळायचं. दुसरी तार जमिनीत जाते. ती मी माहेरी गेले असताना त्यांनी एकट्यानंच पुरली, अंगणातल्या तुळशीच्या बुडाशी, एका फुटक्या तांब्याच्या घागरीला डाग देऊन. मला वाटलं, तुळशीला कोण पोलीस हात लावणार, म्हणून ती जागा निवडली. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मग ते वाईट वर्ष आलं. निजामाच्या माणसांच्या जाचानं गावातली निम्मी तरणी माणसं सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात निघून गेली होती. शेजारच्यांनी घराला कुलूप लावलं. एक दिवस जिनिंगमध्ये पोलिसांनी विचारलं, इथं तारेचं काम कुणाला येतं? त्या रात्रीच हे दुसरं यंत्र घोंगडीत बांधून सरहद्दीपलीकडच्या एका खेड्यात गेले. सोबत गावातलेच दोघं होते.

सोमवारी आणि गुरुवारी, एवढंच बोलायचं ठरलं होतं, बॅटरी पुरावी म्हणून. सकाळी आत्याबाईंनी तुळशीला पाणी घातलं की मी माजघराचं दार लोटून बसायची. काय बोलायचो? काही नाही. बैलाचा खांदा बरा आहे का. लोणचं घातलं का. आवाज इतका बारीक यायचा की अर्धी अक्षरं अंदाजानं लावायची. पण हात ओळखू यायचा. माणसाच्या चालीसारखा प्रत्येकाचा हात वेगळा असतो. हे शेवटचा ठोका लांबवायचे. बोलतानाही शेवटचा शब्द असाच लांबवायचे. ती लांबलेली शीळ आली की मला माझ्या शेजारी पाटावर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं.

वैशाखातल्या एका शनिवारी मंठ्याकडून आमच्या नात्यातला एक माणूस आला. पाणी प्यायला, आणि म्हणाला, “काल सरहद्दीच्या ओढ्यात निजामाच्या माणसांनी एकाला मारलं. तोंड ओळखू यीना. आम्हीच जाळलं. जवळ पिशवी व्हती, पिशवीत पक्कड आन् तांब्याची तार. आपल्यात दुसरा कोण असली पिशवी घेऊन हिंडून राह्यला?”

पिशवी त्यानं आणलीच होती. ती मी शिवलेली होती.

मामंजींनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. “ऐकल्यापासून सुतक लागतं,” ते म्हणाले. हे गेल्यापासून आत्याबाईंनी देव पाण्यात ठेवले होते ते तसेच राहिले. घरातली पूजा बंद, तुळशीला पाणी बंद. सुतकात तुळशीला आम्ही शिवत नाही. एरवी शेजारची बाई येऊन तांब्याभर पाणी घालून जायची, पण शेजारच्या दाराला कुलूप होतं.

गल्लीतल्या बायका माझ्या बांगड्यांना हात घालायला आल्या तेव्हा मी ओरडले. आयुष्यात सासरी पहिल्यांदा ओरडले. “सोमवारपर्यंत थांबा. सोमवारी ते बोलले तं?”

आत्याबाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. “सोमवारपर्यंत हिच्या कपाळाला कुणी हात लावायचा न्हाई.”

म्हणजे सगळं त्या यंत्रावर आलं. शीळ आली तर नवरा जिवंत. रविवारी मी एकेक सांधा तपासला. वास नव्हता. डाग सगळे पक्के. सेलांची माळ सोडून पुन्हा जोडली. लुगडी काढून आभाळाकडची तार पुसली. सोमवारी सकाळी आत्याबाई आणि मामंजी, दोघंही पहिल्यांदाच यंत्राजवळ येऊन बसले. मी डबे कानाला लावले. आत जाड घरघर होती, जात्यासारखी, आणि त्या घरघरीखाली काही नव्हतं. मी खटका दाबून हाक दिली. पुन्हा दिली. उन्हं ओसरीवरून आत आली तरी देत होते. मामंजी म्हणाले, “यंत्र बिघडलं का बघ.” मी म्हणाले, “यंत्र बराबर आहे.”

माझ्याच तोंडानं म्हणाले. ते वाक्य घरात अजून कुठंतरी आहे असं मला वाटतं.

आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं माझं कुंकू पुसलं. दुसऱ्या कुणाला पुसू दिलं नाही. बांगड्या उंबऱ्यावर फुटल्या. गुरुवारी मी पुन्हा डबे लावले, चोरून. घरघर आणखीच जाड झाली होती.

त्या दिवसांत मला त्यांचा हात सगळीकडं ऐकू यायला लागला. जात्याच्या खुंट्यात, वाऱ्यानं हलणाऱ्या कडीत, जिनिंगच्या पट्ट्यात, पालीच्या चुकचुकण्यात. अक्षरंसुद्धा लागायची. एकदा कडीनं माझ्या माहेरच्या गावाचं नाव अर्धं सांगितलं. मी कुणाला बोलले नाही. वेड लागलेली विधवा म्हणजे घरावर दुहेरी भार.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मामंजींनी सांगितलं होतं, झडती यायच्या आत यंत्र मोडून विहिरीत टाक. मी पक्कड घेऊन बसले. मोडायच्या आधी एकदा, सवयीनं, डबे कानाला लावले.

बाहेर अंगणात आत्याबाईंनी तुळशीला पाणी घातलं. तांब्यानं नाही, कळशीच ओतली. तुळस पार वाळून मान टाकून होती. माती भेगाळली होती, त्यामुळं पाणी गटागटा आत जाताना मला माजघरात ऐकू आलं. आणि कानातली घरघर पातळ होत गेली. हळूहळू, दळण संपत आल्यावर जातं हलकं होतं तशी. मी ऐकत राहिले. मग तिच्याखालून शीळ आली.

आधी मी डबे काढून कडीकडं पाहिलं. कडी गप होती. पुन्हा लावले. शीळ होतीच, आणि ती आम्हालाच हाक देत होती. खटका दोनदा चुकला. मी उत्तर दिलं. पलीकडून अक्षरं सुरू झाली, आणि दुसऱ्या की तिसऱ्या अक्षराला मला कळलं की हा हात त्यांचा नाही. शेवटचा ठोका तोडल्यासारखा येत होता.

ते कुठं, एवढंच मी विचारलं.

सोबतचा गडी होता तो. ह्यांनीच त्याला शिकवलेलं, कच्चं. एकेक अक्षर शोधून देत होता. म्हणाला, तुमचा माणूस परवाच घरी यायला निघाला. सोमवारी उत्तर नाही, गुरुवारी नाही, मग रोज हाक देत होता, तरी उत्तर नाही. जाताना म्हणाला, घरावर काही आलं असेल, बघून येतो.

मी उठून अंगणात गेले. तुळशीच्या बुडाशी चिखल झाला होता. मी त्या चिखलात हात घातला आणि तार सापडेपर्यंत माती उकरली. तेव्हा कळलं ती जागा का निवडली होती. त्या घागरीला ओल हवी होती, कोरड्या मातीत ती तार मुकी. आपल्या काळ्या रानात वैशाखात दुसरीकडं कुठं ओल सापडणार? आई रोज पाणी घालते, ती कधी चुकत नाही, हे त्या माणसानं धरलं होतं. चुकणारच नाही. फक्त घरात कुणी मेलं तर.

“ते जित्ते आहेत,” मी आत्याबाईंना सांगितलं. “घरी येऊन राह्यले.”

आत्याबाईंनी आत जाऊन करंडा आणला आणि माझ्या कपाळावर बोटभर कुंकू लावलं, इतकं जोरात दाबून की दुखलं. मामंजींना कासाराकडं पिटाळलं. सुतक काढून झालेल्या बाईला हिरव्या बांगड्या भरताना त्या म्हाताऱ्या कासाराचे हात अडखळत होते. मी हसत होते. घरात पुरण शिजलं. मामंजी ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसले.

त्या दिवशी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत. आठवड्यानं पुरणाचं नाव कुणी काढेना. मामंजी मंठ्यापर्यंत जाऊन आले, ओढ्याओढ्यानं विचारत. कुणी काही पाहिलं नव्हतं. ना पिशवी, ना चप्पल. यंत्रावर मी रोज विचारायची आणि पलीकडून एकच उत्तर यायचं, आला का? मग पलीकडची बॅटरीही संपली.

भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. वऱ्हाडात गेलेली माणसं परत आली, दारांची कुलुपं उघडली. तो सोबतचा गडी आमचं दुसरं यंत्र घेऊन आला. ओट्यावर बसून त्यानं सगळं नीट सांगितलं. त्या शुक्रवारी ह्यांनी सेल आणि तार आणायला तिसऱ्या गड्याला मंठ्याला धाडलं होतं, नमुन्याला तारेचा तुकडा आणि पक्कडीसकट स्वतःची पिशवी देऊन. ओढ्यात मेला तो हा तिसरा. त्याच्या घरी रडायलाही कुणी नव्हतं.

“शुक्रवारी हे काय करत होते?” मी विचारलं. का विचारलं, मला सांगता येणार नाही.

“पवत होता की हिरीत,” तो म्हणाला. “आंबे खाल्ले आन् उडी टाकली. वर यीचना. आम्ही हाका मारून थकलो.” आणि सांगता सांगता तो हसला, मग त्याला आपण कुठं बसलोय ते आठवलं.

काही वर्षं अशीच गेली. मग मामंजी थकले, आणि एकदा म्हणाले, पोराचं श्राद्ध घालायला पाहिजे, माझ्यामागं कोण घालणार? भटजींनी तिथी विचारली. तिथी आमच्याकडं एकच होती, त्या वैशाखातल्या शुक्रवारची.

“त्या दिवशी ते जित्ते होते,” मी म्हणाले.

“मंग दुसरी कोणची सांग,” मामंजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखर विचारत होते ते. माझ्याकडं दुसरी नव्हती.

भटजी माझ्या कपाळाकडं बघून चाचरले. आत्याबाई आतून म्हणाल्या, “एकदा पुसलं ते चुकून. आता म्या न्हाई पुसायची, आन् दुसऱ्या कुणाला पुसू बी द्यायची न्हाई.” त्या गेल्यावर पुसणारं कुणी उरलंच नाही.

तेव्हापासून दर वैशाखात कुंकू लावून मी नवऱ्याच्या श्राद्धाचा स्वयंपाक करते. बायका कुजबुजतात. कुजबुजू देत. ते कधी गेले, कुठं गेले, शेवटी त्यांना तहान लागली होती का, मला काहीच ठाऊक नाही. या एकाच तिथीचं मात्र पक्कं ठाऊक आहे. त्या दिवशी ते आंबे खाऊन विहिरीत पोहत होते.