बॉबिनच्या आईचा उन्हाळा

आमच्या पोर्थगॅरोत, इंग्लंडच्या टोकावरच्या या कोळीगावात, माणसांना नावं असतात, पण ती टपालापुरती. एरवी तुम्ही कुठल्या कुत्र्याचे, एवढंच विचारतात. मागे पेपरात गावातल्या एका गृहस्थांच्या निधनाची बातमी आली, तेव्हा आम्ही सगळे 'कोण बुवा हे?' म्हणत बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांची कुत्री त्यांच्या पुतण्याबरोबर फिरताना दिसली, तेव्हा कुठे आम्ही हळहळलो.

शेजारची हेस्टर पास्को अशीच कित्येक वर्षं 'बॉबिनची आई' होती. तिच्या आणि माझ्या घराला मधली भिंत एकच, आणि तीही इतकी पातळ की तिनं चहात बिस्कीट बुडवलं तरी मला कळतं. लहानपणापासून मी तिला मावशी म्हणतो. तेव्हा तिच्याबद्दल मी जे सांगतो त्याला चहाडी म्हणू नये. ते आपोआप कानावर पडलेलं असतं.

मावशी शाळा सोडून काकाच्या दुकानात मासे तळायला लागली ती केस पांढरे होईपर्यंत तळतच राहिली. दुकान धक्क्यावर, खिडकीसमोर अख्खा समुद्र, पण काचेवर कायम तेलाची वाफ. उन्हाळा म्हणजे धंद्याचे दिवस. सारं कॉर्नवॉल वाळूवर लोळत असायचं आणि मावशी त्यांच्यासाठी बटाटे सोलत असायची. नवरा विल्फ कोळी. तो एक तर होडीत असायचा, नाही तर पबमध्ये. मधल्या वाळूवर त्याला कुणी कधी पाहिलं नाही. तो गेला, पुढे दुकान विकलं, आणि आता जरा पाय पसरू म्हणेपर्यंत घरात बॉबिन आला. अर्धा टेरियर, अर्धं पायपुसणं.

आणि बॉबिन आला म्हणजे वाळू गेली. मे ते सप्टेंबर मोठ्या किनाऱ्यावर कुत्र्यांना बंदी. लाल पाटी आहे, नारिंगी दोर आहे, आणि त्या दोरापेक्षा कडक नजरेच्या बायका आहेत. त्यामुळे उन्हाळाभर आमची कुत्रेवाली मंडळी वरच्या वाटांनी फिरतात. कड्यावरून खाणीच्या जुन्या चिमणीपर्यंत, तिथून मेंढ्यांच्या कुरणातून पट्टा आवळून, आणि उतरताना पबच्या दारातल्या पाण्याच्या वाडग्याशी. मावशी आणि बॉबिन तेरा उन्हाळे त्याच वाटेनं गेले.

यंदा मार्चमध्ये बॉबिन शेगडीसमोर झोपला तो उठलाच नाही. पबवाल्यानं वाडग्याशेजारी प्रिमरोजची फुलं ठेवली. मावशी आठवडाभर रडली. भिंत पातळ आहे म्हटलं ना.

मग एप्रिलात एका सकाळी तिनं मला कुंपणाशी बोलावलं.

"जोरी, कुणाला सांगणार नसशील तर एक सांगते."

"मावशी, मी कधी कुणाला काही सांगतो का?"

"तुझ्या मेव्हण्याची मूळव्याध मला काल बेकरीत कळली."

"ती घरातली गोष्ट होती. तुझी वेगळी. बोल."

तिनं मागे-पुढे पाहिलं. "यंदा मी वाळूवर बसणार. मे लागला की रोज. पोहणारसुद्धा."

"मग यात लपवायचं काय?"

"लोक म्हणतील, कुत्र्याला पुरून दोन महिने नाही झाले आणि ही बाई निघाली डुंबायला. आधी मला गुपचूप जाऊन बसू दे. एकदा बसलेली दिसले की काय बोलायचं ते बोलू देत."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी नाकारत नाही. पण ही गोष्ट मी पोटात ठेवली. बायकोलासुद्धा सांगितली नाही. आणि पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

मे लागला. मावशी कोटाखाली टॉवेल लपवून निघाली. बेकरीपाशी हेडली बोलिथो उभा होता, सारा जन्म जीवरक्षक होडीवर काढलेला आडदांड माणूस, आणि त्याच्याइतकाच आडदांड त्याचा लॅब्रेडोर, सार्जंट. आता हेडलीची पंचाईत झाली. इतकी वर्षं तो मावशीला एकच प्रश्न विचारत आला होता, 'बॉबिन बरा ना?' तो प्रश्नच उरला नव्हता. हवेबद्दल बोलून झालं. हवाही संपली. तिचा रिकामा हात त्याला बघवेना. घाबरून तो म्हणाला, "अगं, माझा गुडघा फार धरलाय. सार्जंटला जरा चिमणीपर्यंत नेऊन आणशील?"

आमच्याकडे नाही म्हणायची रीत अशी की आधी तीनदा हो म्हणायचं आणि मग आजारी पडायचं. मावशीची तब्येत ठणठणीत. ती गेली.

संध्याकाळी पबमध्ये हेडली सांगत होता, "काय रंग चढला होता तिच्या तोंडावर." चढला होता खरा. तो रागाचा होता हे मला ठाऊक, पण मी शपथेत अडकलेला.

झालं, गावाला औषध सापडलं. दुसऱ्या दिवशी पाद्रीणबाईंना अचानक लांबलचक प्रवचन लिहायचं निघालं आणि त्यांचा हेरिंग, तो बुटका डॅक्सहुंड, मावशीकडे आला. मग बेकरीच्या मॉर्वेनाला भट्टीपासून हलता येईना, म्हणून तिची डचेस आली. ही व्हिपेट इतकी नाजूक की दवात पाय ठेवत नाही. जूनपर्यंत मावशीच्या हाती तीन पट्टे. कुरणाचं कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्यांशी कुत्र्यांना खालून जाता यावं म्हणून एक फळी वर उचलावी लागते, त्यात सार्जंट कमरेत अडकायचा, हेरिंगला काखेत घ्यावं लागायचं, आणि डचेस पलीकडे जाऊन कुणी चिखल पुसेल म्हणून वाट बघत उभी. वर येणारे-जाणारे म्हणायचे, "किती गोड कुत्री आहेत हो तुमची."

मावशी खाली किनाऱ्याकडे बघत "हो ना" म्हणायची.

"सांगून टाक ना एकदाचं," मी म्हटलं.

"कसं सांगू? एवढा जीव लावतात. आणि हेडलीचा गुडघा बघ."

"मग मी सांगू?"

"तू तोंड उघड, मी ही भिंत दुप्पट जाड बांधून घेते."

जुलैत एका कडक दुपारी मीही तिच्याबरोबर गेलो. बायको स्वयंपाक करत होती आणि मी सूचना करत होतो, म्हणून तिनं मला घराबाहेर काढलं होतं. कड्यावर पोचलो. ओहोटी होती, खाली वाळू लांबपर्यंत पसरलेली. मावशीनं डोळ्यांवर हात धरला.

"जोरी, तो पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून बॅट घेतलेला कोण रे?"

मी पाहिलं. इकडेतिकडेही पाहिलं, पण कड्यावर लपायला झाड नाही. "हेडलीसारखा दिसतोय."

"पळतोय तो."

"दोन धावा काढल्या."

"आणि छत्रीखाली लाल पोहायच्या कपड्यात?"

"प्रवचन," मी म्हटलं.

मॉर्वेना गळ्यापर्यंत पाण्यात होती. भट्टीपासून बरीच दूर.

मावशी वळली आणि दगडी पायऱ्यांनी सरळ खाली निघाली, तीन कुत्री पुढे, मी मागे. नारिंगी दोराशी येऊन थांबली. कितीही संतापलं तरी दोर ओलांडायचा नाही, एवढे आम्ही सभ्य. पण कुत्र्यांनी मालक पाहिले होते. सार्जंटनं असा हंबरडा फोडला की किनाऱ्यावरचं क्रिकेट थांबलं.

हेडली बॅट पाठीमागे लपवत आला.

"गुडघा कसा आहे?" मावशीनं विचारलं.

"ओल्या वाळूत जरा मोकळा होतो."

"हेडली, मला बसायचंय."

"वर बाकडं आहे की."

"इथे. वाळूवर. मे महिन्यापासून बसायचंय मला."

हेडलीनं बॅट खाली ठेवली. "आम्हाला वाटलं, तुला एकटं वाटतंय."

"वाटत होतं. म्हणून तर इथे यायचं होतं. वरती मेंढ्यांशी काय बोलू मी?"

"मग बोलायचं नाही होय गं?"

"तू बोललास? गुडघा म्हणे."

हेडलीचे कान लाल झाले. त्यानं दोराबाहेर येऊन एकेक पट्टा तिच्या हातातून सोडवून घेतला. "तू नेऊ लागलीस आणि मीही कैक वर्षांत पहिल्यांदा इथे आलो," तो हळूच म्हणाला. "सोडवेना गं."

"म्हणून आता वर जा. मी बसते."

तिनं बूट काढून माझ्याकडे दिले आणि बसायचं सोडून सरळ फ्रॉकनिशीच पाण्यात शिरली. आमचा समुद्र जुलैतही हाडं गोठवतो. कमरेपर्यंत गेल्यावर तिच्या तोंडून जे काही निघालं, ते पाद्रीणबाईंनी ऐकलं नाही असं त्यांनी ठरवलं.

आता पाळ्या लागल्या आहेत. हेडली, पाद्रीणबाई आणि मॉर्वेना आळीपाळीनं तिन्ही कुत्री चिमणीपर्यंत नेतात. शुक्रवार माझ्या गळ्यात पडलाय. मला कुत्रं नाही, हे कारण कुणी ऐकून घेत नाही. मावशी रोज वाळूवर. सँडविचमध्ये वाळू जाते, समुद्रपक्षी पाव पळवतात, नाक सोलून निघालंय, आणि या सगळ्याची तक्रार ती परक्या पाहुण्यांपाशी तासन्‌तास करते. त्यांना तिचं नाव हेस्टर आहे हेही माहीत असतं.

परवा हेडली दोरापलीकडून ओरडून सांगत होता, कुरणवाल्याच्या कुत्रीला पिल्लं झालीत, एक अगदी पायपुसण्यासारखं आहे.

"ऑक्टोबरात बघू," मावशी म्हणाली, आणि पाण्याकडे चालू लागली.