जांभूळ की आलुबुखार

नाशिकजवळच्या एका द्राक्षमळ्यात वाइन चाखायला गेले होते. हे गेल्यानंतर एकटीनं केलेला माझा पहिलाच प्रवास. टेबलाशी सगळी जोडपी होती. मर्लो जातीच्या द्राक्षांत थोडी दुसरी मिसळून केलेली गडद लाल वाइन तिथल्या मुलीनं ग्लासात ओतली आणि म्हणाली, "आधी वास घ्या. मग छोटा घोट घेऊन जिभेवर घोळवा."

घोट मऊ होता, मागून किंचित तुरटपणा आला. अगदी पिकलेलं जांभूळ! सांगायला म्हणून मी सवयीनं डावीकडे वळले, तर खुर्ची रिकामी. बाकीचे आपसांत वाद घालत हसत होते. चव एकट्यानं घेता येते. पण ती कुणाला सांगितल्याशिवाय पुरती लागत नाही.

मुलगी जवळ आली. "काकू, कशी वाटली?"

"जांभळासारखी."

तिनं बाटली नाकाशी नेली. "छे! मला तर आलुबुखारच वाटतोय."

"नाही गं, जांभूळच," मी हट्टानं म्हणाले.

घरात हल्ली मी म्हणेन तेच खरं असतं. किती महिन्यांनी कुणीतरी माझं म्हणणं खोडून काढलं होतं.